मुदतवाले विश्रामबाबा

आमच्या शेजारच्या विश्रामबाबांच्या घरात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा मुदत लिहिलेली असते. 'उघडल्यापासून नव्वद दिवस.' एक्याण्णवाव्या दिवशी ती बरणी आमच्याकडे येते आणि पुढे सहा महिने आम्ही ते लोणचं चवीने खातो.

कोर्टात दावे दाखल करून घेण्याच्या मेजावर बाबांची तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन ते गोव्यातल्या आमच्या गावी, नार्व्याला परतले, पण मेज डोक्यातून गेलं नाही. मुदत कशी मोजावी, याचा त्यांचा मंत्र ठरलेला: "पयलो दीस धरूंक ना, निमाणो दीस सोडूंक ना." म्हणजे पहिला दिवस धरायचा नाही आणि शेवटचा सोडायचा नाही. फणसाच्या फांदीवरून समोरच्या घरवाल्याशी त्यांचं भांडण झालं, तेव्हा ते बरोबर तीन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. तीन वर्षं पुरी झाल्याच्या दुसऱ्या सकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. "मुदत सोंपली. च्या कर."

मीही पोट धरून हसायचे. माझ्यावर वेळ आली तोवर.

डिचोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कामाला होते. एका दुपारी मालकाने केबिनचं दार लोटलं आणि माझ्या अंगाला हात लावला. मी त्याला ढकलून बाहेर पडले, मिळेल त्या बसने घरी आले. महिनाभर मान खाली घालून काम केलं, मग नोकरी सोडली. तक्रार करायचं धाडस गोळा व्हायला सात महिने लागले. ऑफिसातून दोन ओळींचं उत्तर आलं: तक्रारीची मुदत टळली आहे. घरचे म्हणाले, जाऊ दे. मीही तेच धरून बसले.

तीन वर्षं होत आली आणि लोणचं द्यायला आलेल्या बाबांजवळ आईने मन मोकळं केलं. बाबा बरणी हातात तशीच घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"ती ऑफिसाची मुदत गो बाय! कोर्टाची वेगळी. नुकसानभरपायेच्या दाव्याक तीन वर्सां आसात. केन्ना घडलें?"

मला तारीख आठवेना. पंख्याची घरघर आठवत होती, मालकाच्या बोटातल्या अंगठ्या आठवत होत्या. तारीख मी घासून पुसून टाकली होती. शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या आगेमागे, एवढंच; तक्रारीतही मी तेवढंच लिहिलं होतं. आणि यंदाचा शिगमो तर दारात आला होता. बाबांच्या ओळखीच्या पणजीच्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, तीन वर्षं बरोबर, पण नक्की तारीख हवी. चार दिवस इकडेतिकडे झाले तर दावा बाद.

बाबा घरी गेले आणि तीन वर्षांपूर्वीचं एक जुनं कॅलेंडर घेऊन आले. एका चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'बाय उलयली ना. दनपारां आयली.' म्हणजे मी बोलले नाही, दुपारी आले.

"दर दिसा बशींतल्यान देंवून जनेलाकडेन रावतालीस. 'जेवलात?' म्हूण विचारतालीस. त्या दिसा दनपारांच आयलीस आनी उलोवंकच ना."

खरंच, रोज बसमधून उतरले की मी त्यांच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, थांबून विचारायचे; त्या दिवशी तशीच पुढे गेले होते. मग बोटांवर मोजणी झाली. पयलो दीस धरूंक ना. नऊ दिवस उरले होते.

वकीलबाईंनी कागद केले. पाचव्या दिवशी बाबा छत्री आणि डबा घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये बसले. कोर्टात त्यांनी प्रती स्वतः मोजल्या, पानांचे नंबर तपासले, तिथल्या कारकुनाला चारदा वैताग आणला. दाव्यावर शिक्का पडला तेव्हा मी रडले. बाबा म्हणाले, "डब्याची मुदत सोंपूंक धा मिनटां उरल्यांत. जेव."

कॅलेंडर माझ्याकडेच राहिलं होतं. परत देण्याआधी मी ते चाळलं. त्या दिवसाआधीच्या चौकटीत दर कामाच्या दिवशी एकच ओळ: 'बाय उलयली.' रविवार कोरे. त्या दिवसानंतर पानामागून पान 'उलयली ना'. दुसऱ्या कोणाचंच नाव नव्हतं. बायको गेल्यापासून दिवसभरात आपणहून त्यांच्याशी बोलणारी मी एकटीच होते, आणि हे मला ठाऊकही नव्हतं. माझं एका शब्दाचं विचारणं त्यांनी जपून ठेवलं, म्हणून माझा दावा उभा राहिला. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला फेडायचंही नाही.

निकाल कधी लागेल ते देव जाणे. मी आता दुसरीकडे कामाला जाते. संध्याकाळी बसमधून उतरले की जनेलापाशी थांबते आणि विचारते, "जेवलात?"

बाबा "जेवलों गो" म्हणतात आणि मी अजून तिथेच उभी असताना पेन्सिल शोधू लागतात.