हत्तीमारे सरांचं पथक

हत्तीमारे सरांनी मला पहिली हाक मारली ती शिटीनं.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. मधल्या सुट्टीत मैदानातून स्टाफरूमकडे निघाले होते, तर मागून शिटीचे तुटक तुटक आवाज आले. मी गोंदियाची. आमच्या शहरात मागून शिटी आली की मुलीनं वळून बघायचं नाही, चाल वाढवायची. मी चाल वाढवली. शिटीनंही जोर धरला. शेवटी सातवीतली एक मुलगी धावत येऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, तुम्हाले बोलावून राह्यले ना!"

"कोण?"

"शिटी नाही आयकली? तुटक वाजली म्हंजे जवळ या. लांब वाजली म्हंजे चूप."

वळून बघितलं, तर चिंचेखाली एक वयस्कर गृहस्थ उभे. स्काउटचा खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ, कमरेला गुंडाळलेली दोरी, आणि अंगकाठी अशी की वारा सुटला तर त्या दोरीनं त्यांनाच झाडाला बांधून ठेवावं लागेल. आडनाव मात्र हत्तीमारे.

"नव्या मॅडम ना? पोट्टींले गाईड कॅप्टन नाही. आजपासून तुम्ही."

"सर, मला यातलं काहीच येत नाही."

"मले तरी कुठं येत होतं? पोट्टे शिकवतात."

एवढं बोलून ते निघून गेले. माझी नेमणूक झाली होती.

सर गणिताचे शिक्षक. नोकरीतून निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण दर शनिवारी शाळा सुटली की ते सायकल घेऊन मैदानावर हजर. पगार नाही, भत्ता नाही. कुणी विचारलं, "सर, अजून काऊन येता?" तर म्हणत, "मास्तरकीतून माणूस रिटायर होते. स्काउटातून कसा होईन बाप्पा?"

शिटी हा त्यांचा अवयवच होता. घरी पोचले की फाटकातून एक लांब शिटी, म्हणजे चहा टाका. आतून काकू पळीनं डब्यावर ठोका देत. एक ठोका म्हणजे टाकला. दोन ठोके म्हणजे दूध नाही, घेऊन या. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. दोन ठोके पडले की सर फाटकातूनच सायकल वळवत. नवराबायकोंत याहून कमी शब्दांत चाललेला संसार मी पाहिला नाही.

एकदा एसटी स्टँडवर पांगलेली पोरं गोळा करायला त्यांनी शिटी मारली, तर कंडक्टरच्या शिटीवर रिव्हर्स येत असलेली तिरोड्याची बस फलाटाच्या मधोमध थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, "शिटी काऊन मारली बे?" कंडक्टर म्हणाला, "म्या नाही मारली." दोघांची जुंपली, मागच्या बसेस हॉर्न द्यायला लागल्या, आणि सर आपल्या पोरांना ओळीत लावून शांतपणे त्याच बसमध्ये चढवत होते.

पण खरी कमाल मुलीच्या लग्नात झाली. नंदाचं लग्न बालाघाटकडच्या मुलाशी ठरलेलं. वरात दारात आली आणि तिथंच नाचत राहिली. मुहूर्त निसटायला आला, भटजी घड्याळ दाखवायला लागले. मोठी माणसं हात जोडून विनवत होती, डीजेपुढे कुणाचं काही चालेना. सर मांडवातून बाहेर आले आणि त्यांनी एक लांब शिटी मारली. डीजेवाला दचकून थांबला. मांडवात वाढायला आलेली स्काउटची पोरं होती तिथं सावधान झाली, एकाच्या हातात तर बुंदीचा झारा तसाच वर. आणि घोड्यावरचा नवरदेवही ताठ बसला! तोही शाळेत असताना स्काउट होता, हे तेव्हा कळलं. सर काकूंकडे वळून म्हणाले, "पाह्य, जावई चांगला हाये."

आता वाटेल, असा माणूस शाळेला किती हवाहवासा असेल. तसं नव्हतं. मुख्याध्यापक बदलत गेले, पण स्काउट म्हणजे पाहुणे आले की खुर्च्या उचलणारी फुकटची पोरं, ही समजूत काही बदलली नाही. एका समारंभात पोरांना उन्हात दोन रांगांत उभं करून पुढाऱ्यावर फुलं उधळायला सांगितलं. पुढारी दुपार उलटली तरी येईनात. सरांनी पोरांना सावलीत बसवलं, फुलांच्या टोपल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, "हे माहे स्काउट हायेत, मंडपवाले नाही. तुमचे साहेब आले का तुम्हीच टाका."

वरून येणारे आदेश मुदत संपल्यावर पोचत. तंबू असे जुने की आत झोपून चांदण्या दिसत. आणि पालक! एक वडील मोटरसायकलवरून तणतणत आले.

"गुरुजी, पोराले झाडू मारायले पाठवलं का आमी शाळेत?"

"घरी मारते का?"

"घरी कायले मारंन?"

"मंग तुमाले तर फायदाच हाये ना."

तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला. पोरगा पुढच्या शनिवारी आलाच.

थंडी पडली की बोदलकशाच्या तलावाकाठी कॅम्प. माझ्या पहिल्या कॅम्पला मी सुटकेस घेऊन गेले होते. सरांनी सुटकेसकडे एकदा पाहिलं आणि एका मुलीला सांगितलं, "मॅडमले जमिनीवर झोपायले शिकवजो."

तिथं आठ-आठ पोरांचा एक गट आपापली चूल मांडून स्वतःची खिचडी करी. एका गटाची कच्ची, दुसऱ्याची लगद्यासारखी, तिसऱ्याची हमखास जळलेली. पोरं रडवेली होत. सर ताट घेऊन जळलेल्या खिचडीसमोर मांडी घालून बसत.

"जळली का?"

"जळली, सर."

"कोणं जाळली?"

"आमी."

"मंग आपणच खाऊ."

आणि चाटूनपुसून खात. मग पुढच्या गटाकडे जाऊन तिथंही खात. कुणाच्या हातचं राहिलं असं होऊ द्यायचं नाही. कॅम्पनंतर मग काही दिवस काकू त्यांना नुसत्या ताकावर ठेवत.

रोशनी नावाची एक मुलगी होती, जंगलकाठच्या गावातली. वर्गात प्रश्न विचारला की जमिनीकडे बघायची. तिचे वडील वनविभागाच्या कामावर जायचे. मुलीला रात्री बाहेर ठेवणं त्यांच्या मनाला पटेना, म्हणून एका कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिला न्यायला सायकलनं आले. त्या वेळी तंबूंची पाहणी चालू होती आणि पाहणी करत होती रोशनी. थोराड पोरांच्या ओळीपुढे उभी राहून ती ओरडत होती, "तुमचा तंबू वाकडा काऊन? दोरी ताण! ताण म्हटलं ना!" तिचे वडील मोहाच्या झाडाआड थांबले. मला वाटलं, आता चिडतील. बघते तर तोंडावर गमछा दाबून हसत होते.

"घरी तर तोंडच नाही उघडत हे," ते सरांना म्हणाले.

"बोलवू का तिले?"

"नाही, नोको. राहू द्या." मागे वळून वळून बघत ते एकटेच परत गेले.

त्या दिवशी सर विनाकारण तलावाकाठी फेऱ्या मारत होते. स्वारी भलतीच खुशीत होती.

असे माझेही पाच-सहा कॅम्प झाले. सुटकेस मी कधीच सोडून दिली होती. आणि मग अशाच एका कॅम्पमध्ये, आम्ही तलावाकाठी असताना, तिकडे घरी काकूंना लकवा मारला.

तलावाजवळ फोनला रेंज नव्हती. शेजाऱ्यांनी काकूंना गोंदियाला नेलं, नंदाला कळवलं, सरांचा फोन लावून लावून थकले. शेवटी शेजारचा मुलगा मोटरसायकल घेऊन निरोप द्यायला आला. सर बांबूचं ताटाळं बांधत होते. हातातली दोरी तशीच टाकून ते त्याच्यामागे बसले.

काकू वाचल्या. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सरांनी मात्र शाळेत येऊन स्काउटच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या हातात दिली. "झालं माहं," एवढंच म्हणाले. मुख्याध्यापकांनी खोलीत जुने बाक भरून ठेवले.

ते वर्ष आमचं शनिवारचं मैदान कसंबसं चाललं. मी शिकवी, पोरं करत, पण त्यात जीव नव्हता. पुढच्या थंडीत पोरं विचारायला लागली, "मॅडम, कॅम्प?" तेव्हा मी सरांच्या घरी गेले.

घराचा कॅम्प झाला होता. काकूंच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत बांबूचा कठडा, जागोजागी दोरीनं आवळलेला. खाटेवर टांगलेली कडी, धरून उठायला. भिंतीजवळ बांबूचीच घडवंची, तिच्यावर औषधं. सर स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते. काकूंनी मला जवळ बोलावलं आणि अडखळत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "न्या ह्याले... कुठं बी. दिवसभर... हात हलव, पाय हलव... पागल करून ठेवलं मले."

मी हसले. सर आतून बाहेर आले. मी कॅम्पचं काढलं, तर मान हलवत म्हणाले, "गेलो नाही का त्या खेपेले? पुरे झालं."

"सर, तुम्ही असता तरी ते थांबलं नसतं. डॉक्टरांनीच सांगितलं ना?"

"थांबलं नसतं. पण मी घरी तर असतो." ते खाली बघत बोलत होते. "हे पडली, अन् मले हाक मारत राह्यली. शेजारची बाई सांगत होती. मी तिकडं दुनियेच्या पोट्ट्यायले शिकवून राह्यलो, संकटात कसं धावून जायचं."

काकूंनी सरांकडे मान वळवली.

"तिथं... असते काय?"

"कुठं?"

"तुमच्या कॅम्पात. जलमभर... गेले. म्या धुतले फकस्त... मातीचे कपडे. असते काय तिथं?"

सर बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तालुक्यातली अर्धी पोरं त्या तलावाकाठी नेली होती. काकूंनी तो एकदाही पाहिला नव्हता. मला वाटतं, हे त्या क्षणापर्यंत सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बोदलकशापर्यंतचा रस्ता काकूंना झेपणारा नव्हता. पण सरांच्या घरामागेच त्यांची बांधी होती, धान कापून मोकळी झालेली. पुढच्या शनिवारी आम्ही तिथं कॅम्प लावला. बाक बाहेर काढून तंबू सोडवले. रोशनी आता दहावीत होती. तिनं सगळा भार उचलला. पोरांनी कापलेल्या धानाच्या सडात खुंट्या ठोकल्या, चुली मांडल्या, खिचडी एका गटानं नेमानं जाळली. पोरांनी काकूंना खुर्चीसकट उचलून आणलं, तेव्हा त्या "पाडान रे मले!" म्हणून ओरडत होत्या आणि मान वळवून सगळं बघून घेत होत्या.

सर कुणालाच काही सांगत नव्हते. खुर्चीशेजारी उभे राहून फक्त काकूंना दाखवत होते. हा तंबू, हे ताटाळं, हे जोडे ठेवायचं. पोरगा प्रगतिपुस्तक दाखवतो, तसं.

सूर्य बुडायला आला तशी शेकोटी पेटवली. पोरांनी गाणी म्हटली, एक नाटुकलं केलं, त्यात दोघं मध्येच हसत सुटले. काकूंनी शालीतून सगळं पाहिलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढंच?"

"हो. एवढंच असते."

"ह्याच्यासाठी... जात होते?"

"ह्याच्यासाठीच."

काकू आगीकडे बघत राहिल्या. "मले वाटे... काही लई मोठं असंन." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं हाये पण."

मग रोशनीनं पावसाची टाळी घ्यायला सांगितली. आधी एका बोटानं तळहातावर टपटप, मग दोन बोटांनी, मग तीन, आणि शेवटी पूर्ण हातानं मुसळधार. पोरांनी सुरुवात केली. अंधारात खरोखर पाऊस येतोय असं वाटायला लागलं. काकूंचा एक हात मांडीवर निपचित होता. त्यांनी दुसरा उचलला, आणि तो कशावर वाजवावा हे न कळून तसाच धरून ठेवला.

सर खुर्चीजवळ उकिडवे बसले. त्यांनी आपला तळहात काकूंच्या त्या हाताखाली धरला.

काकूंनी एक बोट आपटलं. मग दोन.

"आता तीन," सर हळूच म्हणाले.

"समजते मले," काकू म्हणाल्या.

मुसळधार झाली, ओसरली, एकेका बोटावर आली आणि पोरांनी पाऊस थांबवला. काकूंचा अजून चालूच होता. सर हात पसरून बसले होते.