हळदकुंकवाच्या खुणा

हयग्रीवरावांनी थाप मारली ती उपिट्टाच्या दुसऱ्या घासाला. त्यांच्या मुलीला, तुंगेला, बघायला व्यासराज नावाचा मुलगा आला होता, आणि त्याचे वडील शेषगिरी रानावनातून पळण्याचे फायदे सांगत होते. निवृत्तीनंतर त्यांनी ते वेडच घेतलं होतं. "तुम्ही काय व्यायाम करता हो?" त्यांनी मध्येच विचारलं. सगळी नोकरी बँकेतल्या एका खुर्चीवर काढलेले हयग्रीवराव म्हणाले, "मीपण पळतो की. रोज सकाळी."

"हौदा? खरंच? मग आयतवारी या. डोंगरावरच्या तळ्यापर्यंत रानातनं पळायचंय, शंभरेक माणसं येताहेत. ते झालं की आमचा निरोप सांगतो."

आता आली पंचाईत. मुलामुलीची पसंती झाली होती, अडलं होतं ते शेषगिरींच्या होकाराशी. आणि थापाड्या माणसाच्या सावलीलाही ते उभे राहत नाहीत, हे सगळ्या विजयनगर वस्तीला माहीत होतं. पाहुणे गेल्यावर वेदवतीबाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बस सुटली तरी तुम्ही पळत नाही. दुसरी येईल म्हणता."

"साकु ग, पुरे. तोंडातनं गेलं."

"तोंडातनं गेलं, आता पायातनं कसं जायचं?"

हयग्रीवरावांनी पेपर उघडून त्यात तोंड घातलं. वेदवतीबाईंनी मात्र देवासमोर बसून डोंगरावरच्या तळ्याकाठच्या अम्माला, तिथल्या देवीला, मनातल्या मनात एक नवस बोलून टाकला. नवस नवऱ्याला सांगितला तर त्याचं बळ जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. परक्याला सांगायला हरकत नव्हती. आयतवारी उजाडायच्या आत "देवळात जाऊन येते" म्हणून त्या बाहेर पडल्या, आणि भावाच्या गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी उतरल्या.

शर्यत सुरू करताना आयोजकांनी सांगितलं, "दगडांवर पिवळ्या-तांबड्या खुणा केल्यात. त्या धरून चला, म्हणजे चुकणार नाही." सगळे भर्रकन निघाले. पहिल्याच चढाला हयग्रीवरावांचा भाता वाजू लागला आणि पोरंसोरंच काय, नऊवारीतल्या एक आजीसुद्धा त्यांना मागे टाकून गेल्या. शेषगिरी माणूस रीतीचा. होऊ घातलेल्या व्याह्याला एकटं कसं सोडायचं म्हणून ते मुद्दाम मागे राहिले. "तुम्ही पुढं व्हा. आज तुमच्या चालीनं."

रानात वाटेला दोन फाटे फुटले. डाव्या वाटेला लांब लांब अंतरावर रंगाचे ठिपके होते. उजवीकडे मात्र एकेका दगडावर पिवळा पट्टा, त्यावर नीट तांबडा टिळा, आणि सगळं ओलं. हयग्रीवराव उजवीकडे वळले. "काय काळजी घेतात बघा लोक," शेषगिरी म्हणाले, "एक दगड सोडला नाही." थोडं वर गेल्यावर हयग्रीवरावांना हळदीचा वास आला. पुढच्या वळणावर पदर खोचून, वाकून, कोयरीतलं कुंकू दगडाला लावणारी पाठमोरी बाई दिसली. ते लुगडं त्यांनीच दिवाळीला घेतलं होतं.

ते झटकन झाडाआड झाले. शेषगिरींना हाक मारायला तोंड उघडलं, पण दम कुठे होता? शेषगिरी सरळ पुढे गेले.

"अम्मा, शर्यतीची वाट हीच का?"

"ते माहीत नाही हो," वेदवतीबाई वर न बघताच म्हणाल्या. "दगडादगडाला हळदकुंकू लावत देवीपर्यंत जायचा नवस आहे माझा. त्या डावीकडच्या वाटेवर कुणीतरी आधीच तसा नवस फेडलाय. दुसरीच्या दगडावर आपलं कुंकू कसं लावू? म्हणून ही वाट धरली."

"नवस कसला?"

"आमचे यजमान स्वल्प थापाडे आहेत. रोज पळतो म्हणून शेषगिरी म्हणून एकांना सांगून बसले. पोरीचं लग्न अडलंय. हे जिवंत तळ्यापर्यंत पोचू देत आणि खोटं उघडं न पडू दे, एवढंच मागितलंय."

झाडाआड हयग्रीवरावांनी डोळे मिटून घेतले. आता तुंगेला तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार त्यांच्या मनात होता, आणि त्यांना खरोखर रडू येत होतं.

वेदवतीबाईंनी मान वर केली. घरी आले तेव्हा शेषगिरी पंचा नेसलेले आणि कपाळी अंगारा-अक्षता लावलेले होते. ही अर्धी चड्डी, टोपी आणि काळा चष्मा वेदवतीबाईंच्या ओळखीचा नव्हता. शेषगिरींनी चष्म्याआडून त्या कुंकवाच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "काळजी करू नका. तुमची अम्मा ऐकेल." झाडाशी येऊन त्यांनी हयग्रीवरावांचा दंड धरला आणि झुडपांतून वळसा घालून त्यांना वर तळ्यापर्यंत नेलं.

संध्याकाळी फोन आला. "बीगरे, व्याही झालो आपण. मुलगी पसंत," शेषगिरी म्हणाले. "आणि उद्यापासून पहाटे गावातल्या कुक्करहळ्ळी तळ्यावर यायचं. रोज, माझ्याबरोबर. चुकवलंत तर रानात काय झालं ते सगळं वैनींना सांगेन."

लग्न झालं, दसरा गेला, हयग्रीवरावांचं पोटही बरंचसं गेलं. एका पहाटे ते बुटाची नाडी बांधत असताना शेजारच्या नागरत्नाबाई दारातून कौतुकानं बघत होत्या.

"आमची अम्मा भारी कडक हो," वेदवतीबाई त्यांना म्हणाल्या. "मी म्हटलं, यांचं खोटं झाकून ठेव. तिनं ते चक्क खरं करून टाकलं."