मधमाश्यांचा कायदा आणि आखूड सही

"पेनं किती जणांना कबूल करून बसलायस?" लोकसंपर्क कचेरीच्या प्रमुख टॅकेटबाईंनी विचारलं.

"बारा," वेंडेल प्रिचर्ड म्हणाला. मग खरं सांगितलेलं बरं, म्हणून म्हणाला, "चौदा."

"अरे, राष्ट्राध्यक्षसाहेबांचं नाव 'रे नॅश'! इंग्रजीत सात अक्षरांत आटपतं. चौदा पेनं घालायची कुठं?"

वॉशिंग्टनची ही जुनी खोड. कायद्यावर सही एका पेनानं करायचीच नाही. राष्ट्राध्यक्षांनी एका पेनानं जरासं गिरवायचं, ते मागं उभ्या असलेल्या पाहुण्याला द्यायचं, की दुसरं उचलायचं. पाहुणे ते पेन चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. आधीच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव चांगलं लांबलचक होतं, त्यामुळे लोकसंपर्क कचेरीचे दिवस सुखात गेले.

आज मधमाशीपालकांच्या कायद्याची पाळी होती. शेतकरी, कोळी, मधमाशीवाले यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांना हसतमुखानं घरी धाडायचं, हे वेंडेलचं काम. पण 'नाही' म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. जो फोन करी त्याला हा सांगे, "पेन ना? तुमचंच समजा."

"आज एक जरी तक्रार आली ना," टॅकेटबाई म्हणाल्या, "तर सोमवारपासून तू तळघरात. साहेबांच्या कुत्र्याला पोरांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं लिहीत बस."

खिडकी असलेली खोली मिळवायला वेंडेलची नऊ वर्षं गेली होती. शिवाय एक गोष्ट त्यानं बाईंना सांगितलीच नव्हती. मधमाशीपालकांच्या पूर्वेकडच्या महासंघाचे हॉलिस ब्रॅटन आणि पश्चिमेकडच्या महासंघाच्या आयडा स्ट्रॉमक्विस्ट या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि या पठ्ठ्यानं पहिलं पेन दोघांनाही कबूल केलं होतं.

नॅशसाहेब स्वभावानं गरीब. "एकेका अक्षराचे दोन तुकडे करतो. काळजी करू नकोस," सहीला बसताना ते वेंडेलला म्हणाले, आणि त्यांनी R ची उभी दांडी ओढून पहिलं पेन आयडाबाईंच्या हातात ठेवलं.

ब्रॅटन लालबुंद झाले. "पहिलं माझं होतं!" असं म्हणत त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून हात घातला आणि तबकातलं एक पेन सरळ उचलून खिशात टाकलं. त्या पेनानं सहीची एकही रेघ ओढून झाली नव्हती.

बाकी सगळं झकास झालं. तबक रिकामं झालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. तेवढ्यात कायदे विभागाचा माणूस कागदावर वाकला.

"साहेब, शेवटच्या h ला नुसती दांडी आहे. पाठीचा बाक राहिलाय. सही अपुरी आहे."

"मग आणा एक पेन," साहेब म्हणाले.

पण पेन कोण देतो? चौदाही पाहुण्यांनी आपापले खिसे दाबून धरले. ब्रॅटन तर छताकडे बघायला लागले. शेवटी वेंडेलनं कोटातून आपलं पेन काढलं. टायरच्या दुकानात फुकट मिळालेलं, टोपण चावलेलं. साहेबांनी त्यानं बाक काढला, सवयीनं पेन स्वतःच्याच खिशात घातलं आणि पुढच्या बैठकीला निघून गेले.

"म्हणजे कायदा झाला तो त्या पेनानं!" ब्रॅटन ओरडले. "ही आमची सगळी नुसती शोभेची! प्रिचर्ड, ते पेन मला पाहिजे."

"तुम्हालाच देतो," वेंडेल म्हणाला.

"आणि मला?" आयडाबाईंनी त्याची बाही धरली.

"तुम्हालाच हो, बाई."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं होतं. "चला हो ब्रॅटन," आयडाबाई म्हणाल्या, "या लबाडाच्या वरिष्ठांना गाठू." आणि ती दोघं खांद्याला खांदा लावून टॅकेटबाईंच्या खोलीत शिरली. आतून कितीतरी वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. वेंडेलनं टेबलावरचा बायकोचा फोटो खोक्यात भरला आणि खिडकीतून एकदा बाहेर पाहून घेतलं.

दुपारी टॅकेटबाई स्वतः आल्या. खोकं बघून म्हणाल्या, "हे काय?"

"कुत्र्याची पत्रं..."

"डोकं फिरलंय का तुझं? अरे, ती दोघं एका गाडीतून गेली! एका गाडीतून! इतकी वर्षं त्यांना एका टेबलाशी बसवताना आमच्या नाकी नऊ आले. आता म्हणे दोन्ही महासंघ एक करणार, आणि पहिला ठराव तुझ्या निषेधाचा."

"मग मी..."

"तू मधमाशीवाल्यांतून सुटलास. पोलादाचे कारखानदार आणि त्यांच्या कामगारांची युनियन, दोन्ही आजपासून तुझ्याकडे. संप तोंडावर आलाय. दोघांचेही फोन लागलेत. साहेब आधी कुणाला भेटणार, एवढंच विचारतायत."

वेंडेलनं एक फोन कानाला लावला.

"तुम्हालाच," तो म्हणाला, आणि त्यानं दुसरा उचलला.