रविवारच्या पंगतीची चौकशी

या, पुढच्या बाकावर सरकून बसा. मागे बसलं की गाणं ऐकू येतं, पण त्यातलं दुखणं ऐकू येत नाही. आज व्हर्नेल गॅडसनची गोष्ट सांगायची आहे.

दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर व्हर्नेलचं घर, चर्चला लागूनच. मुलगी आजारपणाने इस्पितळात पडली आणि सहा वर्षांची नात इमानी तिच्याकडे राहू लागली. राहत ती जन्मापासूनच होती. सरकारच्या लक्षात ते आत्ता आलं, म्हणून व्हर्नेलला सांभाळासाठी अर्ज करावा लागला. अर्जदार ही बालिकेची आजी आहे ही बाब विचारात घेण्यात येईल, मात्र तेवढ्याने ती सांभाळ करण्यास पात्र ठरत नाही, असं बालकल्याण कार्यालयाने कळवलं. मान्यता न मिळाल्यास इमानीची रवानगी दूरच्या एका मान्यताप्राप्त, अनोळखी घरी होणार होती.

तपासनीस प्रुइटबाई आल्या. बाई सज्जन. त्यांनी धूर झाल्यावर वाजणारी घंटा वाजवून पाहिली, नळाच्या पाण्याचं तापमान घेतलं, खिडकी फुटपट्टीने मोजली. सगळं नियमात बसलं. मग त्यांना भाताचं पातेलं दिसलं. त्यात इमानीला सहज अंघोळ घालता आली असती.

"घरात माणसं दोन ना?"

"उद्या रविवार ना बाई," व्हर्नेल म्हणाली. "चर्च सुटलं की सगळे इथंच जेवतात."

पाद्रीबाबांचं प्रवचन साध्या बोलण्यात सुरू व्हायचं आणि दुपारपर्यंत गाण्यात शिरायचं. ते ऐकून भरल्या डोळ्यांनी, रिकाम्या पोटी कुणी घरी जायचं नाही, ही व्हर्नेलच्या आईपासूनची रीत. प्रुइटबाईंनी रीत लिहून घेतली. नियमानुसार घरात नियमित येणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या बोटांचे ठसे आवश्यक होते.

ठशांचं यंत्र चर्चमध्येच आलं. पाद्रीबाबांनी देवाने दिलेल्या दहा बोटांवर असं काही गायलं, की लोक टाळ्या थांबवून रांगेत आले. म्हातारे इझिकिएल पुढे झाले. जन्मभर शिंपल्यांतली कालवं फोडून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्राने दोनदा विचार केला आणि अशी व्यक्ती आढळत नसल्याचं कळवलं.

"हे मला लेखी द्या," इझिकिएल म्हणाले. "करखात्याला दाखवतो."

गावातले निम्मे हात कालवांवरच झिजलेले होते. निम्मी मंडळी आढळली नाहीत. न आढळलेली माणसं घरात येत असतील तर अर्ज पुढे जाणार नाही, असा निर्णय झाला. व्हर्नेलने दार लावून घेतलं.

त्या रविवारी इमानीने नेहमीसारखी सगळी ताटं मांडली, आणि आजीने सांगितल्यावर एकेक करून उचलली. कुंपणाबाहेरून इझिकिएलांनी विचारलं, "ताई, भात कसा झालाय?"

"बिघडला," व्हर्नेल म्हणाली. "एवढासा करायची सवय नाही मला."

प्रुइटबाई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा घर इतकं शांत होतं की सुरक्षिततेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण पडले. त्यांनी पान उलटलं. पुढचा रकाना आधाराचा होता.

"अडीनडीला धावून येईल असं कुणी घरी येतं?"

"तुम्ही येता," व्हर्नेल म्हणाली.

अर्जदार एकाकी असून तिला समाजाचा आधार नाही, सबब अर्ज नामंजूर.

इमानी मान्यताप्राप्त घरी गेली. त्या घराला आधार भक्कम होता: पाच नातेवाईक, पाच राज्यांत. ठशांचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांपैकी कुणी कधी घरी आलंच नव्हतं. पहिल्या रविवारी इमानीने कपाटातली सगळी ताटं काढून मांडली.

"अगं, कोण येणार आहे?" घरच्या बाईंनी विचारलं.

"सगळे," इमानी म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून बसली.

तुमच्याकडे न कळवता जेवायला कुणी आलं, त्याला किती दिवस झाले? आठवत नसेल तर खुशाल अर्ज करा, तुमचं घर मंजूर होईल. फक्त पुढच्या रविवारी भात टाकाल तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. ती अजून जेवलेली नाही.