एकसष्टावा उंदीर

तपासणीच्या दिवशी सकाळी साडेआठला काकांनी उंदीर मोजले आणि ते एकसष्ट भरले.

हवे होते साठ. काकांनी चष्मा पुसला, मास्क सारखा केला आणि पुन्हा मोजले. एकसष्ट. मग शेवटच्या पिंजऱ्यापासून उलटे मोजत आले. उंदरांना कुठूनही मोजलं तरी ते आपल्या आकड्याला चिकटून होते.

संशोधन संस्थेच्या प्राणीगृहाची देखरेख काका बावीस वर्षं करत होते. खोलीचं तापमान तंतोतंत, दिवे लागण्या-विझण्याची वेळ तंतोतंत, एका पिंजऱ्यात उंदीर तंतोतंत तीन. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की सगळी संस्था त्यांना तंतोतंतकाका म्हणायची. बावीस वर्षांत तपासणीच्या अहवालात त्यांच्या नावापुढे एकदाही शेरा पडला नव्हता. अकरा वाजता समिती येणार होती. प्राण्यांची निगा नियमाप्रमाणे राखली जाते की नाही, हे पाहणारी समिती. उंदीर कमी भरला असता तर निदान शोधत तरी बसता आलं असतं. जास्तीच्या उंदराचं काय करायचं?

अठराव्या पिंजऱ्यात चौघे बसले होते. पिंजऱ्यावरची चिठ्ठी पाहिली आणि काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या गुरुवारी पंधरा उंदीर आले, नेमकी त्याच वेळी खोली थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. काका एका हाताने दुरुस्तीवाल्याची शिडी धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पुरवठादाराच्या कागदावर सही केली. भाजीवाला वर चार मिरच्या टाकतो, तसा पुरवठादाराने वर एक उंदीर टाकला होता. घाईघाईत तो पिंजऱ्यात गेला. त्यानंतर काकांनी रोज पिंजरे मोजले, आतले उंदीर मोजले नाहीत.

प्राणीगृहाच्या पशुवैद्य बाई तीन महिन्यांपूर्वीच रुजू झाल्या होत्या. त्यांचं एक वाक्य काकांना पाठ होतं. "कागद नसलेला प्राणी इथे राहू शकत नाही, काका." राहू शकत नाही म्हणजे काय, हे विचारायची काकांना कधी हिंमत झाली नव्हती. आत्ता तो उंदीर मागच्या दोन पायांवर उभा राहून, जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत होता.

"असा बघू नकोस," काका म्हणाले. "मला काहीतरी सुचू दे."

सुचलं ते असं. संस्थेच्या मागेच कर्मचाऱ्यांची वसाहत होती, काकांचं घर चालत पाच मिनिटांवर. प्राणी नेण्याची पेटी बाईंच्या कपाटात कुलपात होती. म्हणून काकांनी आपला जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा केला, झाकणाला पेचकसाने भोकं पाडली, तळाशी भुसा पसरला आणि एकसष्टाव्याला आत बसवलं. घरी पोचले तेव्हा काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. काकांनी डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'या डब्याला हात लावू नये', आणि आल्या पावली परत फिरले. तीस वर्षांच्या संसारानंतरही त्यांना वाटत होतं की अशी चिठ्ठी वाचून काकू डब्याला हात लावणार नाहीत.

अकराला समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं. अध्यक्ष हे निवृत्त प्राध्यापक, आवाज भारदस्त. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. समितीत एक तरी सदस्य विज्ञानाबाहेरचा, साधा, शहाणा माणूस असावा असा नियम होता, त्या नियमाखाली त्या दहा वर्षं येत होत्या. टोप्या, मास्क, झगे, पायांत पिशव्या असा जामानिमा करून सगळे आत गेले.

"नोंदवहीप्रमाणे उंदीर किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"साठ," काका म्हणाले.

"एकसष्ट," पशुवैद्य बाई म्हणाल्या.

काकांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाई हळूच त्यांच्या कानाशी आल्या. "काका, मी शनिवारी मोजले तेव्हा एक जास्त निघाला. पुरवठादाराकडून दुरुस्त कागद मागवून घेतला, आज सकाळी नोंदही केली. तुम्हाला उगाच ओशाळल्यासारखं होईल म्हणून बोलले नाही."

काकांना ओशाळायला सवड मिळाली नाही. मुख्याध्यापिकांनी शाळेतल्या हजेरीसारखी मोजणी सुरू केली होती.

"साठ," त्या म्हणाल्या. "एक गैरहजर आहे."

पशुवैद्य बाईंचा चेहरा पांढऱ्या मास्कच्या रंगाचा झाला. प्राणी हरवला तर काय करायचं याचाही नियम होता आणि बाईंना तो तोंडपाठ होता. दार आतून बंद. सापडेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. चारही जण गुडघ्यांवर आले.

"मी शेवटची अशी रांगले ती पहिलीच्या वर्गात," मुख्याध्यापिका टेबलाखालून म्हणाल्या. "एकानं माझा चष्मा लपवला होता."

"बोलू नका, तो घाबरेल," अध्यक्ष कपाटाखालून म्हणाले.

आता सांगून टाकावं असं काकांना तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा तोंडातून फक्त खोकला आला. शेवटी भुशाच्या पोत्यांमागे सरकून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तो खिडकीतला डबा घेऊन ये. लगेच."

"कुठला डबा?" काकूंचा आवाज पलीकडून खोलीभर ऐकू येईल इतका खणखणीत होता.

"ज्याच्यावर हात लावू नये लिहिलंय तो."

"मग मी त्याला हात कशाला लावू?"

"आता लाव!"

"आता लाव म्हणे! माझ्या चांगल्या डब्याला सतरा भोकं पाडलीत, त्याचं काय ते आधी सांगा!"

भोकं मोजली म्हणजे डबा उघडून झाला होता.

"अहो," अध्यक्ष कपाटाखालून ओरडले, "इथे एक जीव बेपत्ता आहे आणि तुम्हाला डबा सुचतोय? अजून साडेअकराही झाले नाहीत!"

दहा मिनिटांनी दारावर थाप पडली. बाहेरचा पहारेकरी फटीतून म्हणाला, "एक बाई आल्यात. तातडीचं आहे म्हणतात." पशुवैद्य बाई नियमाच्या पक्क्या होत्या. कोणीही असो, झगा-टोपी-मास्क घातल्याशिवाय आत येणं नाही. त्यामुळे आत आलेल्या काकू इतरांसारख्याच दिसत होत्या. फक्त डोळे उघडे, आणि त्यांतली नजर समितीच्या कोणाहीपेक्षा करडी होती. वरच्या कार्यालयातून कोणी आलं असावं असं समजून अध्यक्ष झटकन उभे राहिले आणि त्यांचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं.

काकूंच्या हातात डबा नव्हता. ओंजळीत पांढरा उंदीर होता.

"हा कोणी बंद केला डब्यात?" त्या कडाडल्या. "खिडकीत, उन्हात! आत प्यायला थेंबभर पाणी नाही. खायला दाणा नाही. भोकं सगळी झाकणाला, बाजूला एकही नाही, वर दुसरं भांडं ठेवलं असतं तर गुदमरून मेला असता मुका जीव. आणि सोबत कोणी नाही! माझ्या हातात आला तेव्हा थरथरत होता."

मुख्याध्यापिकांनी वही काढली होती. "ऊन, पाणी, खाणं, हवा, सोबत," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे काय, अर्धा तास सोफ्याखाली बसला होता. बिस्किट दाखवून बाहेर काढला."

"प्रवासातल्या प्राण्यांचे पाचही नियम न चुकता सांगितलेत," अध्यक्ष डोकं चोळत आदराने म्हणाले. "आपण कुठल्या विभागाकडून?"

"मी यांच्या घरून," काकूंनी बोट केलं.

सगळे डोळे काकांकडे वळले. मग मात्र काका घडाघडा बोलले. शिडी, सही, चौथा उंदीर, डबा, चिठ्ठी. "कागद नाही म्हणून बाई त्याला संपवतील असं वाटलं," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी. शेरा लिहा."

"काका, मी तुम्हाला अशी वाटते?" पशुवैद्य बाईंनी विचारलं. बाईंनी उंदीर ओंजळीत घेतला, उलटसुलट तपासला. "ठणठणीत आहे. पण एकदा बाहेर जाऊन आलेला प्राणी परत इतरांत ठेवता येत नाही. रोग आत येऊ शकतो. आता दोनच वाटा. एक मी सांगत नाही. दुसरी, योग्य घर मिळालं तर समितीच्या परवानगीनं त्याला तिथे देता येतं."

"मी नेते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"तुम्हाला नाही नेता येणार," बाई कष्टाने म्हणाल्या. "समितीच्या सदस्यानं प्राणी घ्यायचा नाही, असा नियम आहे."

मुख्याध्यापिकांनी वहीतलं एक पान फाडलं, दोन ओळी लिहिल्या आणि अध्यक्षांच्या हातात दिल्या. "हा राजीनामा. दहा वर्षं झाली, आता गुडघेही ऐकत नाहीत. घरी गेले की बोलायला कोणी नसतं. हा निदान ऐकेल तरी."

उंदीर, या वेळी रीतसर पेटीतून, मुख्याध्यापिकांच्या घरी गेला. काकांच्या नावापुढे बावीस वर्षांतला पहिला शेरा पडला. पण आता समितीत विज्ञानाबाहेरच्या शहाण्या माणसाची जागा रिकामी झाली होती, आणि कपाळावरचं टेंगूळ चाचपत अध्यक्ष काकूंकडे बघत होते.

"सदस्य स्वतंत्र विचाराचा हवा," पशुवैद्य बाईंनी शंका काढली. "त्यांच्यावर काकांचा प्रभाव पडेल."

"कोणाचा?" काकूंनी विचारलं. "यांचा?"

त्या इतक्या मनापासून हसल्या की अध्यक्षांनी पुढे काही विचारलंच नाही. पत्नी असली तरी स्वतंत्र, अशी खास नोंद करून नेमणूक मंजूर झाली.

पुढची तपासणी कधी, हे काकांनी घरी दोन महिने वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. चहा करून दिला, गच्चीवरचे कपडे काढून आणले. "गोपनीय असतं," एवढंच उत्तर मिळायचं. मग एका सोमवारी काका घरून निघाले तेव्हा काकू निवांत पेपर वाचत होत्या, आणि तासाभराने प्राणीगृहाचं दार उघडून बघतात तर समोर झगा, टोपी, मास्क घालून अध्यक्षांच्या शेजारी काकू उभ्या. हातात नवी कोरी वही.

"आपलं नाव?" त्यांनी विचारलं.

"अगं..."

"'अगं' असं लिहू का?"

काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष छताकडे बघत होते. काकांनी ताठ उभं राहून, वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. काकूंनी ते सावकाश लिहून घेतलं, आणि आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, तेही विचारलं.