डंकावरची चौकशी

विश्वजितला शिरोळच्या संयोगिताचं स्थळ आल्यापासून त्याची आई तानाबाई हळू आवाजात बोलायला लागली होती, आणि मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत याचीच चर्चा होती. एरवी तानाबाईनं कुणावर तोंड सोडलं की पलीकडच्या बोळातली माणसं टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायची. तिच्या शिव्या काही आजकालच्या पोरींसारख्या इंग्रजी नव्हेत. सटवी, टवळी, अवदसा, कैदाशीण असा सगळा आजीकडून आलेला अस्सल माल. पण याच तोंडापायी आधीची दोन चांगली स्थळं हातची गेली होती. पोरगा चौतिशीला टेकला होता. हेही गेलं तर विश्वजित बिनलग्नाचा राहणार, या धास्तीनं बाईनं जीभ दाताखाली धरली होती.

स्थळ आणलं होतं शेजारच्या पद्मजानं. मुलीकडची माणसं चौकशीला येतात ती शेजारीच, हे कुणाला सांगायला नको. म्हणून तानाबाईनं पद्मजाकडं रोज काही ना काही पोचवायला सुरुवात केली. कधी धपाटी, कधी खरवस. बदल्यात तिनं एवढंच मागितलं, की माझ्याबद्दल चार शब्द बरे सांग बाई.

आणि शनिवारी सकाळी नवरा आकाराम फोन ठेवून डोकं खाजवत आत आला.

"शिरोळकरांचं मन फिरलंय म्हणं," तो म्हणाला. "शेजारी चौकशी केली, आणि सासूबद्दल ऐकून पोरीची आई बिचकलीया."

झालं. शेजारी म्हणजे कोण, पद्मजाच की. माझा खरवस खाऊन माझ्याच पाठीत सुरी खुपसली, असं म्हणत तानाबाई तिच्या दारात गेली, तर तिथं कुलूप. समोरच्या बाईनं सांगितलं की पद्मजा पाहुणीला घेऊन मिरची कांडायच्या डंकावर गेलीय, वर्षाची चटणी कुटायला. पाहुणी कोण, कुठली, हे विचारायला तानाबाई थांबलीच नाही.

आता उन्हाळ्यात डंकावर कधी गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथं कोण कोण आहे ते प्रत्यक्ष देवालाही ओळखता येणार नाही. मिरचीचा खकाणा असा उडतो की प्रत्येक बाईनं पदर नाकातोंडावरून घट्ट आवळलेला असतो, आणि आपली चटणी दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून जी ती आपल्या डंकापुढं ठाण मांडून बसलेली असते. पण तानाबाईला तोंड बघायची गरजच पडली नाही. पद्मजाची राणी रंगाची जुनी साडी, खांद्यावर इस्त्रीनं जळालेला डाग. तो डाग ती लांबून ओळखत होती.

"काय गं ए टवळे," तानाबाईनं मागूनच सुरुवात केली. "खरवस गोड लागला, आणि माझं नाव सांगताना जीभ कडू झाली व्हय? घरबुडवे, कळलावे..." इथं तिला तीन शिंका आल्या. त्या संपवून तिनं राहिलेलं पुढं चालू केलं. सटवी झाली, कैदाशीण झाली, आणि एवढे दिवस साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. बिचारीला फार बरं वाटलं.

राणी रंगाची साडी सावकाश उठली आणि वळली. पदराआडून आवाज आला तो पद्मजाचा नव्हता.

"तू कोण गं जहांबाज भवानी? लोकाच्या बाईला शिंकत शिंकत शिव्या घालतीस, आधी नाक पूस की तुझं."

डंकवाल्यानं मशीन बंद केलं. ते भीतीनं नव्हे, नीट ऐकू यावं म्हणून. दोघींची बराच वेळ जुंपली. एकीनं अवदसा म्हणावं, दुसरीनं लावसट म्हणावं, मध्ये दोघींनी शिंकावं आणि परत सुरू. शेवटी तीळ भाजायच्या कढईजवळून खरी पद्मजा झारा घेऊनच पळत आली.

"तानाक्का, अगं ह्या शिरोळच्या हौसाबाई. संयोगिताच्या आई. चांगली साडी तिखटात खराब व्हईल म्हणून मीच माझी जुनी दिली त्यास्नी."

विश्वजितचं लग्न आपण आपल्याच तोंडानं मोडलं, हे तानाबाईला स्वच्छ दिसलं आणि ती मटकन मिरचीच्या पोत्यावर बसली.

हौसाबाईंनी तोंडावरचा पदर सोडला आणि पद्मजाला विचारलं, "हीच का तुमची गरीब गाय?"

मग उलगडा झाला. खरवसाला जागून पद्मजानं जरा जास्तच चांगलं सांगितलं होतं. सासू म्हणजे गाय, तोंडातनं शब्द म्हणून न्हाय. तेवढ्यानंच हौसाबाई बिचकल्या होत्या.

"आमची पोरगी माझ्यावर गेलीया," त्या म्हणाल्या. "गरीब सासूला आठ दिवसांत रडवंल, आणि बोल आमास्नी लागंल. म्हणून नको म्हणायला आलतो. पर आता काळजी मिटली. तारीख काढा."

तानाबाई ढसाढसा रडली. थोडं मिरचीनं, बरंचसं आनंदानं. तिनं हौसाबाईंचे हात धरले, पद्मजाच्या गळ्यात पडली. हौसाबाईंनी तिथल्या तिथं लेकीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि लग्न ठरल्याचं सांगितलं.

मला न विचारता कुणी ठरवलं, असं म्हणून संयोगितानं तोंड उघडलं. पहिल्या दोन-तीन शिव्या तानाबाईच्या ओळखीच्या होत्या. पुढची तिनं लहानपणी आजीच्या तोंडून एकदाच ऐकली होती. त्यानंतरची एकही तिला ठाऊक नव्हती. हौसाबाई कौतुकानं मान डोलवत होत्या.

तानाबाईनं पद्मजाला हळूच तिळाच्या कढईकडं ओढलं.

"पद्मे, पोरगी अशी हाय हे तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं की," पद्मजा तीळ हलवत शांतपणे म्हणाली. "तुझ्या शेजारी इतकी वर्सं ऱ्हातोय मी. माझी बी कायतरी सोय बघायला नको?"