बाकीचं सगळं झाडायला

नव्या घराच्या कार्यक्रमाला लोक पाकीट नेतात, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. आमचे वाघमारेकाका काखेत चटई मारून जातात.

संत तुकाराम नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. भोसरीच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि काकू गेल्यापासून एकटेच राहतात. कुणाचंही नवं घर असो, काका आधी चटई अंथरतात, तिच्यावर आडवे होतात, छताकडे बघतात आणि उठून निकाल देतात, "माणसाला लागतंय एवढंच राव. बाकीचं सगळं झाडायला."

माझ्या मेव्हण्याची मोशीला वास्तुशांत होती. हॉलमध्ये गुरुजींचे मंत्र चाललेले आणि काका आतल्या खोलीत डोळे मिटून पसरलेले. मेव्हण्याच्या सासूबाईंना वाटलं, यांना चक्कर आली. त्या हुंगवायला कांदा शोधत धावल्या. वास्तुशांतीच्या घरात कांदा कुठला मिळायला? शेवटी शेजारच्या फ्लॅटमधून आणला. तोवर काका उठून बसले होते. त्यांनी तो न हुंगता खिशात घातला. "रात्रीच्या पिठल्याला होईल," म्हणाले. मेव्हणा अजून माझ्याशी तुटकच बोलतो.

कपड्यांचंही तेच. कंपनीतून मिळालेले राखाडी शर्ट, "एक अंगावर, एक दोरीवर". लग्नालासुद्धा वेगळा नाही. परवा एका कार्यालयात नवरीच्या मामांनी त्यांना तिथला नोकर समजून पंख्यावरून चांगलंच झापलं. काकांनी मुकाट्याने जाऊन पंख्याचं बटण दाबलं आणि मामांच्याच शेजारी पंगतीला बसले. वर मला म्हणाले, "सूट घातला असता, तर मामा उकडून मेला असता की."

त्यांचा मुलगा अमोल हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने चिखलीत तीन बेडरूमचं घर घेतलं, तेव्हा तोंड पाडून माझ्याकडे आला. "दादा, आई गेल्यापासून पप्पा तिथे एकटे असतात, माझा जीव थाऱ्यावर नसतो. एक खोली खास त्यांच्यासाठी ठेवलीय. आणि हे येणार, चटई टाकणार, चारचौघांत 'बाकीचं झाडायला' म्हणणार आणि निघून जाणार."

मी त्याला धीर दिला खरा, पण मलाही वेगळं काही वाटत नव्हतं.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर वाटली. काकांनी चटई उचलली तसा अमोल माझ्याकडे बघायला लागला. आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग त्या खोलीत गेलो. खोली चांगली ऐसपैस होती. काकांनी मात्र चटई अगदी भिंतीला चिकटवून अंथरली आणि आडवे झाले. मग मोकळ्या बाजूला हात लांब करून त्यांनी हळूच फरशी चाचपली.

"काका, मधोमध झोपा की," मी म्हणालो. "एवढी जागा पडलीय."

"मधी कसं झोपू राव?" ते म्हणाले. "ती बाजू हिची."

त्यांच्या घरीही चटई अशीच भिंतीशी असायची. इतकी वर्षं मी समजत होतो, माणूस जागा वाचवतोय. एका चटईवरून आम्ही त्यांची एवढी थट्टा केली, आणि यांचं माप पहिल्यापासून दोन चटयांचं होतं.

अमोल दारातच डोळे पुसत उभा होता. काका उठले. सवयीने चटई गुंडाळायला घेतली, अर्धी गुंडाळली आणि थांबले. मग ती पुन्हा तशीच भिंतीशी पसरून ठेवली.

"मावतंय आमचं दोघांचं," ते अमोलला म्हणाले. "दोरी कुठं बांधायची, तेवढं दाखव."